खांबावर जुळवलेली दुर्बीण

मला गप्प माणसांचा राग येतो. मी जीप चालवतो. दिवसाचे सहा-सात तास शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलेलं असतं, आणि त्यानं तोंडातून अवाक्षर काढलं नाही तर मला वाटेतल्या म्हशींशी बोलायची पाळी येते. म्हणून सास्तूरच्या बुद्धघोषदादांची पहिली गाठ पडली तेव्हा मी मनात म्हटलं, साजिदमियाँ, हे गिऱ्हाईक आपल्या कामाचं नाही. पुढं त्याच माणसाच्या ओसरीवर मी दोन दिवस मांडी घालून बसलो, आणि घरून तहरीमचे, म्हणजे माझ्या बायकोचे, फोन आले की “जरा कामात आहे” म्हणून कापत राहिलो. काम काय, तर नुसतं बघणं.

आमचं बचाव पथक लहान आहे. येडशीला स्टेशनच्या अलीकडं भाड्याच्या दोन खोल्या, एक जीप, एक पिंजरा आणि आम्ही पाच जण. विहिरीत पडलेला कोल्हा काढ, कुंपणात अडकलेलं काळवीट सोडव, असली कामं. जनावराला औषध देऊन झोपवायचं झालं तर ते डॉक्टर शिवलीला करतात. वय बत्तीस, उंची माझ्या खांद्याइतकी, आणि हट्ट त्या उंचीला न शोभणारा. त्यांच्याकडं गॅसवर चालणारी एक बंदूक असते. तिच्यातून गोळी सुटत नाही, सुई लावलेली औषधाची नळी सुटते. तिला डार्ट म्हणतात. डार्ट मांडीच्या मांसात रुतला की दहा मिनिटांत जनावर आडवं होतं. पोटात रुतला तर जनावर जातं, हाडावर आपटला तर औषध वाया जातं. म्हणून डॉक्टरबाई वीस मीटरच्या पलीकडून कधी मारत नसत.

फेब्रुवारीत एक तरस आलं आणि हा नियम मोडायची वेळ आली. रामलिंगाच्या डोंगराच्या पायथ्याला, मेलेली गुरं टाकतात त्या माळावर, ते उजाडता उजाडता यायचं. गळ्यात मोटारसायकलच्या क्लचची तार रुतलेली. कुणीतरी रानडुकरासाठी फास लावला असणार. डुक्कर राहिलं बाजूला, हे अडकलं आणि खुंटा उपटून तारेसकट पळालं. दिवसागणिक तार आत जात होती. मान सुजून माठासारखी झाली होती. तरसाबद्दल मला प्रेम वगैरे नाही, लहानपणी त्याच्या नावानं मला पुष्कळ भेदरवलेलं आहे. पण ते खायला खाली वाकायचं आणि गिळता न आल्यामुळं तसंच उभं राहायचं, ते मला बघवेना. पिंजऱ्याकडं ते नऊ दिवसांत फिरकलं नाही. चाळीस मीटरच्या आत माणसाची चाहूल लागली की पसार. डॉक्टरबाई म्हणाल्या, “चार-पाच दिवस काढेल. त्याच्या पुढं नाही.”

चाळीस मीटर म्हटल्यावर बंदुकीवर दुर्बीण आलीच. रायफलवाल्याला हे अंतर काहीच नाही, पण डार्ट जड आणि सुस्त असतो. लांब फेकलेल्या दगडासारखा तो वर चढतो आणि खाली येतो. चाळीस मीटर जाईपर्यंत तो पुरुषभर खाली पडतो, म्हणून नळी तेवढी वर धरावी लागते. डार्टच्या हिशेबानं हा लांबचा पल्ला झाला.

नवी दुर्बीण खोक्यात येऊन पडली होती. सोबत दोन कड्या, आठ स्क्रू आणि बारीक अक्षरातलं एक चोपडं. ती बंदुकीवर चढवायची कुणी, याची आमच्या साहेबांनी, म्हणजे पथकप्रमुखांनी, चौकशी केली आणि बुद्धघोषदादांचं नाव निघालं. सास्तूरचे रिटायर फौजी, आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. “कागद सोबत ठेवा आणि बंदूक डॉक्टरांच्या ताब्यातून सोडू नका,” असं बजावून साहेबांनी त्यांचं नाव पथकाच्या कारागिरांच्या यादीत घातलं आणि आम्हाला पाठवलं.

बुद्धघोष हे नाव त्यांच्या वडिलांनी, कोंडिबा मिस्त्रींनी, ठेवलं, आणि ठेवताना गावात ते कुणाला म्हणता येईल का याची फिकीर केली नाही. फौजेत त्याचं नुसतं ‘घोष’ झालं. मग जिथं बदली होईल तिथले बंगाली जवान येऊन त्यांच्याशी बंगालीत बोलायला लागायचे आणि दादा नुसती मान हलवायचे. चोवीस वर्षं मान हलवून हलवून त्यांची बोलायची सवय गेली, असं माझं मत आहे. त्यांच्या पत्नी पौर्णिमाताईंचं मत वेगळं. त्या म्हणतात, लग्नातही असेच होते.

ती चोवीस वर्षं त्यांनी वर्कशॉपमध्ये काढली. शिपायानं आणून दिलेली रायफल खोलायची, घासलेला भाग बदलायचा, वरची दुर्बीण जुळवायची, कागदाच्या निशाणावर पाच गोळ्या मारून बघायच्या आणि परत द्यायची. आता वय सत्तावन्न. दोन एकर तूर, आणि ओसरीवर एक जाड लाकडी बाक, त्याला वस्तू घट्ट धरायचा शिकंजा. गावातली शिवणयंत्रं, फवारणीचे पंप, बंद पडलेल्या मोटारी सगळं तिथं येतं. येणारा पाच मिनिटं तक्रार सांगतो, दादा “बरं” म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी ती वस्तू चालू होऊन जाते.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. दादांनी हात धुतले, खोकं उघडलं आणि चोपडं न बघताच बाजूला ठेवलं. आधी बंदुकीच्या पाठीवरची पट्टी आणि कड्यांच्या आतली बाजू स्पिरिटनं पुसून काढली.

“दादा, नवं कोरं तर हाय. पुसताव कशाला?” मी विचारलं.

“त्याल असतंय.”

“मग त्याल बरंच की!”

“घसरतंय.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्या हातांवरून नजर निघेना. खालच्या अर्ध्या कड्या बसल्या, त्यात दुर्बीण अलगद ठेवली गेली, वरच्या अर्ध्या कड्या आल्या, पण स्क्रू अजून ढिलेच. मग दादांनी डॉक्टरबाईंना बंदूक खांद्याला लावायला सांगितली. डोळे मिटायचे, गाल दस्त्यावर टेकवायचा, आणि मग डोळा उघडायचा. “कडंला काळं दिसतंय?” “थोडं दिसतंय, काका.” दादांनी दुर्बीण नखभर पुढं सरकवली. पुन्हा डोळे मिटून, पुन्हा उघडून. असं सहा-सात वेळा झालं, तेव्हा कुठं बाईंना काळी कडा नसलेलं पुरं गोल चित्र दिसलं. मी तोंड उघडायच्या आत दादा माझ्याकडं न बघता म्हणाले, “माज्या डोळ्याला बसवून काय करू? मारायचं त्यास्नी हाय.” मी काय विचारणार हे त्यांनी ओळखलं होतं. मला हा माणूस जरा आवडायला लागला.

मग मुख्य काम आलं. दुर्बिणीच्या आत दोन बारीक रेघा असतात, एक आडवी आणि एक उभी. दोन्ही जिथं छेदतात तिथं निशाण धरायचं. उभी रेघ अगदी उभी हवी. दादांनी बंदूक फडक्यात गुंडाळून शिकंज्यात धरली, तिच्या पाठीवर बोटभर लांबीची पाण्याची लेव्हल ठेवली आणि आतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत बंदूक सरळ केली. आता दुर्बीण कड्यांमध्ये कणभर फिरवून उभी रेघ सरळ करायची. त्यासाठी समोर सरळ उभं असलेलं काहीतरी लागतं.

त्यांच्या ओसरीसमोर दोनशे पावलांवर विहार आहे आणि विहारापुढं पंचशील ध्वजाचा वीस फुटी लोखंडी खांब. भूकंपानंतर गाव नव्यानं वसलं तेव्हा कोंडिबा मिस्त्री तीन वर्षं लोकांची घरं बांधत होते, आणि सगळ्यात शेवटी त्यांनी हा खांब रोवला. दादांनी दुर्बिणीतून तो खांब धरला, बोटाच्या टोकानं दुर्बीण फिरवली आणि रेघ खांबावर नेऊन बसवली.

“खांब सरळ असंल कशावरनं?” मी सहज विचारलं. मला काहीही विचारायची खोड आहे.

दादांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. “आबांनी रवलाय,” म्हणाले, आणि स्क्रूची चावी उचलली.

स्क्रू त्यांनी एकामागून एक आवळले नाहीत. एक इकडचा, एक समोरचा, प्रत्येकाला पाव फेरा, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पौर्णिमाताईंकडून नेलपॉलिशची बाटली मागवली आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून कडीपर्यंत एकेक लाल रेघ ओढली. स्क्रू चुकून फिरला तर ती रेघ मोडते, मग तपासायला वेळ लागत नाही. पौर्णिमाताई म्हणाल्या, “म्या हौसंनं बाटली आणती, अन् निम्मी ह्यांच्या मशिनीच लावत्यात!”

घरामागं शेजाऱ्याच्या गोठ्यापर्यंत पंचवीसेक मीटर जागा होती. तिथं भुशाचं पोतं उभं करून त्यावर कागद आणि कागदावर काळा ठिपका. डार्टमध्ये औषधाऐवजी पाणी. पहिला डार्ट चार बोटं खाली आणि डावीकडं लागला. दादांनी दुर्बिणीवरचे दोन्ही गोल खटके, वरचा उंचीचा आणि बाजूचा डाव्या-उजव्याचा, टिकटिक करत फिरवले. चौथा, पाचवा, सहावा, तिन्ही ठिपक्यात. चाळीस मीटरला वरचा खटका किती फिरवायचा ते त्यांनी बंदुकीसोबतच्या तक्त्यावरून काढून दिलं.

“आन् बाजूचं?” मी विचारलं.

“उभी रेघ सरळ असली की वर कितीबी चढवा, बाजूला सरकत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना डॉक्टरबाई आणि मी माळाच्या कडेला बाभळीखाली पालथे पडलो होतो. अंतर आदल्या दिवशीच मोजून ठेवलेलं, चाळीस मीटर. तरस आलं. तोंड डावीकडं, मांड्या उजवीकडं, अगदी हवं तसं उभं राहिलं. बाईंनी श्वास सोडला आणि चाप ओढला. डार्ट तीन बोटं उजवीकडून, मांडीच्या मागच्या कडेवरून निसटून गेला आणि दगडावर आपटला. तरस दचकलं, तारेच्या ओढीनं एकदा धडपडलं आणि डोंगरात गेलं.

नऊ वाजता साहेब म्हणाले, “डॉक्टर, तुमचा हात हलला.”

“हलला असेल,” बाई म्हणाल्या.

मला संताप आला. मी त्यांच्या कोपराला कोपर लावून पडलो होतो. हात दगडासारखा होता. पण ड्रायव्हरच्या साक्षीला किंमत कोण देतं? साहेबांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या पथकाला फोन लावला. त्यांचा नेमबाज आठ दिवसांनी येणार होता. तोवर बाईंनी जनावरावर बंदूक धरायची नाही, फक्त दुर्बीण तपासून आणायची, म्हणजे येणाऱ्याला तक्रार नको. आठ दिवस! तरसाकडं तीनसुद्धा होते की नाही कुणास ठाऊक. सास्तूरला जाताना लोहाऱ्याच्या अलीकडं बाईंनी खिडकीकडं तोंड फिरवून डोळे पुसले. म्हणाल्या, “साजिदभाई, मला खरंच वाटत नाही हलला असं. पण सांगू कुणाला?”

दादांनी सगळं ऐकून घेतलं. “बरं” म्हणाले. भिंग लावून आठही स्क्रू बघितले. नेलपॉलिशची एकही रेघ मोडलेली नव्हती. दुर्बीण हलवून बघितली, गच्च होती. मग तूर काढलेल्या रिकाम्या रानात आम्ही तीन पोती उभी केली, वीस, तीस आणि चाळीस मीटरवर. बाईंनी प्रत्येकावर तीन-तीन डार्ट मारले. वीसचे तिन्ही ठिपक्यात. तीसचे एक बोट उजवीकडं. चाळीसचे तीन बोटं उजवीकडं, तिन्ही एकमेकांना खेटून.

मग दादांनी स्वतः मारून बघितलं. तेच. वीसला ठिपक्यात, तीसला एक बोट, चाळीसला तीन.

डॉक्टरबाई मटकन ढेकळावर बसल्या आणि हसल्या. हात त्यांचा नव्हता हे ठरलं. पण मग कुणाचा? माझं डोकं भणभणायला लागलं. वारा म्हणावं तर बाभळीचं पान हलत नव्हतं. दुर्बीणच उजवीकडं बघते म्हणावं, तर वीसला बरोबर कशी लागते? बरं, वीसच्या पुढं चुकतं असं धरलं, तर तीसला एक बोट म्हटल्यावर चाळीसला दोन व्हायला पाहिजेत. तीन कुठून आली? मी हे सगळं मोठ्यानं बोलत होतो. दादा उकिडवे बसून काडीनं मातीत ठिपके काढत होते.

“तेच तर,” ते म्हणाले. “सरळ वाटंनं चुकत असतं तर दोन बोटं असती. हितं जितकं लांब, तितका डार्ट जास्त पडतुया. जितका जास्त पडतुया, तितकी नळी जास्त वर करावी लागतीया. अन् वर करताना ती सरळ वर जात न्हाय, कलून जातीया.” काडी थांबली. “उभी रेघ उभी न्हाय.”

हे बोलताना त्यांचा चेहरा उतरला. मला कारण कळायला एक क्षण लागला. मग आम्ही दोघांनी एकदमच मान वळवून विहाराकडं बघितलं. मी आयुष्यात फार कमी वेळा जीभ चावली आहे, पण तेव्हा चावली.

कोंडिबा मिस्त्री ओसरीवर बाजेवर बसले होते. वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यानं बेताचंच दिसतं. दादा न बोलता आत गेले आणि वडिलांच्या हत्यारांच्या पिशवीतून ओळंबा काढून आणला. ओळंबा म्हणजे दोरीला लटकवलेलं पितळी वजन, गवंडी भिंत सरळ आहे का ते त्यानं बघतात. पितळ कशावर तरी वाजलं.

“वळंबा कशाला रं काढला?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“आलोच, आबा.”

दादांनी चौकात उभं राहून दोरी डोळ्यांसमोर धरली. मी त्यांच्या मागून वाकून बघितलं. दोरी एकीकडं, खांब एकीकडं. इतकी वर्षं गावातला प्रत्येक माणूस त्या खांबाखालून रोज जात होता, आणि तो कललाय हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दादा परत आले आणि ओळंबा हातात घेऊन बाजेपुढं उभे राहिले.

“खांबच बघितलास न्हवं?” कोंडिबा म्हणाले. “किती गेलाय?”

“दीड वीत, आबा. साळंच्या अंगाला.”

म्हातारा थोडा वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिला. “काळी माती हाय खाली. पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात बसती. तीस सालं झाली,” म्हणाला. मग एकदम आवाज चढला. “पर तू खांबाला कशापायी इचारलं? घरात वळंबा हुता की!”

“तुमी रवल्याला हुता.”

“म्या रवल्याला म्हणून काय झालं? आज बांधल्याली भित म्या उद्या सकाळी पुन्यांदा वळंब्यानं बघायचो. माज्या हातावर माजाच इस्वास न्हवता, म्हणून घरं सरळ झाली. अन् तू तीस सालानं डोळं झाकून...” पुढचं खोकल्यात गेलं. पौर्णिमाताई पाणी घेऊन आल्या.

सत्तावन्न वर्षांचे दादा खाली मान घालून उभे होते. मला त्यांची दया आली. बापाचा मान राखायचा म्हणून त्यांनी बापाच्या कामाला हत्यार लावलं नव्हतं, आणि बाप स्वतः मात्र आपल्या कामाला रोज हत्यार लावत आला होता.

लिंबाच्या फांदीला ओळंबा बांधला. तो हलू नये म्हणून खालचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवलं. तीस पावलांवरून दादांनी ती दोरी दुर्बिणीत धरली आणि जुनी नेलपॉलिश खरवडून, स्क्रू सैल करून, उभी रेघ दोरीवर बसवली. पुन्हा पाव-पाव फेरा, पुन्हा लाल रेघा. मग रानात वीस, तीस आणि चाळीस. चाळीसवर बाईंनी पाच डार्ट मारले. पाचही भोकं एका बांगडीत मावली असती, आणि ठिपका बरोबर त्यांच्या मधोमध.

ऊन उतरायला लागलं होतं. डॉक्टरबाई दादांजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, “काका, मी साहेबांना सांगते की प्रवासात स्क्रू ढिले झाले होते. तुमचं नाव नको यायला.”

मीही लगेच मान डोलावली. आमचे रस्ते असे आहेत की स्क्रूच काय, माणसंही ढिली होतात. साहेबांना ते पटलंच असतं.

“स्क्रू ढिले न्हवते,” दादा म्हणाले. खुंटीवरचा सदरा घातला, चाळीस मीटरचे दोन्ही कागद, दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा, घडी करून खिशात ठेवले आणि जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले.

आम्ही येडशीला पोचलो तेव्हा साहेब निघायच्या तयारीत होते. दादांनी ते दोन कागद टेबलावर पसरले. “दुर्बीण म्या वाकडी बसवली हुती,” म्हणाले. “बाईंचा हात हालला न्हाय. ह्यो दुरुस्तीच्या आदुगरचा कागद, ह्यो नंतरचा. चूक माजी हाय.”

साहेबांनी कागद जवळ ओढले, बराच वेळ बघितले. “तुम्ही चोवीस वर्षं हेच काम केलंत ना?”

“व्हय.”

“मग यादीतून तुमचं नाव काढावं लागेल मला. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू?”

“काढा,” दादा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते, आवाज मात्र तसाच होता. “पर उद्या सकाळी बंदूक बाईंच्याच हातात द्या. दुर्बीण त्यांच्या डोळ्याला बसवलीया, दुसऱ्याला बसायची न्हाय.”

साहेब वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांना वर उत्तर द्यावं लागतं. त्यांनी बाईंकडं बघितलं, पुन्हा त्या पाच भोकांकडं बघितलं. “एकदाच,” म्हणाले.

दादा आमच्याच खोलीत सतरंजीवर झोपले आणि उजाडायच्या आत जीपपाशी येऊन उभे राहिले. माळावर बाई आणि मी पुढं पडलो, दादा आमच्या पायांशी. तरस आलं, पण कालपरवासारखं नाही. चार पावलं टाकायचं आणि थांबायचं. मला वाटलं, आपण उशीर केला. मग ते आडवं वळलं आणि मांडी समोर आली. मी मागं बघितलं, तर दादांनी कपाळ मातीला टेकवलं होतं.

फट्ट असा आवाज झाला.

“लागलं का?” दादांनी मान वर न करताच विचारलं.

“मांडीत, दादा! मधोमध!” मी जवळजवळ ओरडलोच. बाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

अकराव्या मिनिटाला तरस बसलं, मग कलंडलं. आम्ही धावलो. बाईंनी त्याच्या डोळ्यांवर फडकं टाकलं. तार मांसात इतकी रुतली होती की आमची पक्कड आत शिरेना. दादांनी खिशातून आपली बारीक कातरपक्कड काढली, दोन बोटांनी सुजलेलं मांस बाजूला दाबलं आणि तार तोडली. दादांचे हात ओसरीवर होते तितकेच स्थिर होते. बाईंनी जखम धुतली, औषधं भरली, जाग आणणारी सुई टोचली आणि आम्ही सगळे जीपपर्यंत मागं आलो.

पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग तरसानं डोकं उचललं, टाकलं, पुन्हा उचललं. पुढचे पाय रोवले, मागचे फरफटले, एकदा तोंडघशी पडलं. दादांनी जीपचा दांडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. तिसऱ्या खेपेला ते उभं राहिलं. अंग झाडलं, मान इकडं-तिकडं फिरवून बघितली आणि डोंगराच्या दिशेनं चालायला लागलं.

“साजिद,” दादा म्हणाले. “चोवीस साल म्या कागद बघितला. पाच गोळ्या, पाच भोकं, की दिली रायफल. फुडं त्या दुर्बिणीतनं कुणाला काय लागलं, कदी इचारलं न्हाय. शिपाई सवताहून सांगाया लागला तरी म्या उठून जायचो.”

त्यांनी दांड्यावरचा हात सोडला आणि डोंगराकडं बोट केलं.

“म्या जुळवल्याल्या दुर्बिणीतनं लागलं, अन् ज्याला लागलं ते उठून चालत गेलं. ह्ये आज पयल्यांदा बघितलं.”

डॉक्टरबाईंनी सामान भरलं, साहेबांना फोन केला, मला निघायची खूण केली. मी त्यांना हातानंच थांबा म्हटलं. तरस चढावरच्या झुडपांत दिसेनासं झालं होतं तरी दादा तिकडंच बघत उभे होते, आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळत होतं ते पुसतही नव्हते.